प्योचे पाच बीटर

पस्तीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी दुकान चालवलं, पण गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघताना त्याला एकदाही पाहिलं नाही. ड्रमवाला यायचा, मोड्यावर बसायचा, पायाखालच्या पेडलवर नवा बीटर चढवायचा आणि मोठ्या ड्रमवर धपधप सुरू करायचा. तेवढ्यात आमचे प्यो गी-दोक खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. डोळे मिटलेले, हात मांडीवर.

"अहो, बघा तरी कसा वाजवतोय तो!" मी माझ्या दुकानातून ओरडायची.

"पाय बघितला की आवाज खोटा ऐकू येतो, माल-सुन. तू आपल्या तारा वीक."

मी गिटारच्या तारा विकते. आमचं वाद्यांचं मार्केट सोलमधल्या एका हमरस्त्याच्या डोक्यावर बांधलेलं आहे, खालून बस जातात आणि वर आम्ही. दुसऱ्या मजल्यावर माझी सहा फुटांची पाटी, तिला लागून त्यांची आठ फुटांची. दोन फूट जास्त म्हणून काय तो तोरा! आणि विकायचे काय, तर बीटर. ड्रम नाही, झांजा नाही, नुसते बीटर. दांड्याच्या टोकाला मुठीएवढा गोळा, तो पायाने ड्रमवर आदळायचा. सगळ्या बँडमध्ये कुणाला दिसत नाही अशी वस्तू.

पण तो गोळा कशाचा आहे यावर सगळं असतं, हे मला त्यांच्याच शेजारी कळलं. लाकडाचा असला तर आवाजाला धार येते, 'टक' असा. प्लास्टिकचा त्याहून कडक. दाबलेल्या लोकरीचा, म्हणजे नमद्याचा असला तर मधला, भरीव. आणि वर मेंढीची मऊ लोकर गुंडाळलेली असली तर 'धुम्म', कानापेक्षा पोटात जास्त. एकदा एका चर्चमधला पोरगेला वादक रडवेला होऊन आला. पाद्रीबुवा म्हणत होते, तुझ्या ड्रमने प्रार्थनेचा विचका होतो. प्योंनी भिंतीकडे तोंड करून ऐकलं, लाकडी काढून लोकरीचा दिला. पुढच्या आठवड्यात पाद्रीबुवांनी डबाभर भाताच्या वड्या पाठवल्या. त्यातल्या अर्ध्या मी खाल्ल्या.

मला विचाराल तर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना बीटर नको, पाय बदलून हवा असायचा. ठेका धड धरता यायचा नाही आणि म्हणायचे काय, "मालक, बीटर बसत नाहीये." प्यो निमूटपणे दुसरा द्यायचे. "दोष पायाचा आहे" हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही. भिंतीकडे तोंड का, ते मला कळून चुकलं होतं. बघितलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं.

सतराव्या वर्षी ते गुन्सान गावाहून येऊन पियानोच्या कारखान्यात लागले. पियानोच्या आतल्या हातोड्यांचा नमदा कापायचं काम. कापून उरलेल्या तुकड्यांचा त्यांनी पहिला बीटर केला तो मेंग सांग-चोलसाठी. मेंगदादा त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे, तेव्हा रात्रीच्या क्लबांतले नामांकित वादक. तो बीटर घेऊन मेंगदादा म्हणाले होते, "गी-दोक, नोकरी सोड, हेच कर." आणि या भोळ्यानं सोडली! बायको होती, ती गेली बारा वर्षांपूर्वी. मुलगी लग्न होऊन बुसानला. आता तर इलेक्ट्रॉनिक ड्रम आलेत. त्यावर बीटर मारा नाहीतर चप्पल मारा, आवाज चिपमधून यायचा तोच येतो. गेल्या उन्हाळ्यात महिन्याभरात तीन बीटर खपले. तरी लेथ रोज पुसून ठेवायचे.

क्लब बंद पडल्यावर मेंगदादा आमच्या मागच्या गल्लीतल्या दुपारच्या नाच-हॉलमध्ये वाजवायचे. बावीस वर्षं. म्हाताऱ्यांचा हॉल तो. दुपारी बाराला उघडतो, पाचला बंद. हॅट घातलेले आजोबा, ओठ रंगवलेल्या आज्या, एक ऑर्गनवाला, एक गाणारी आणि ड्रमवर मेंगदादा. घर म्हणजे एक खोली आणि एक भाताचा कुकर. त्यांचं जे काही होतं ते त्या मोड्यावर होतं. तिथं ते मेंगदादा होते, बाहेर नुसता एक म्हातारा.

वसंतात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात वाचले, तोंड वाचलं, उजवा पाय गेला. म्हणजे चालतो, पण ओढत. हॉलची मालकीण योमबाई, तिला मी नावं ठेवणार नाही, तिनं तीन महिने जागा राखून ठेवली. पण ते परत बसले आणि लोक कुरकुरू लागले, ठेका सापडत नाही म्हणून. शेवटी तिनं सांगितलं, "दादा, छुसोकच्या सणापर्यंत बघू. नाही जमलं तर ऑर्गनमधलं ठेक्याचं मशीन लावीन. मला हॉल चालवायचाय."

म्हणून मेंगदादा प्योंकडे आले. शरदातला तो सण तीन आठवड्यांवर होता.

"गी-दोक, बीटर गेलाय रे माझा. जुना झाला. आवाज पोचत नाही."

"बसा दादा. वाजवा." आणि खुर्ची भिंतीकडे.

मी मात्र बघितलं. मी बघतेच. टाच उचलायची, चवडा मागे राहायचा, आणि चपलेत पाय सरकवावा तसा पेडलवर यायचा. गोळा ड्रमला जेमतेम टेकायचा. 

ते गेल्यावर मी म्हटलं, "प्यो, बीटरला काही झालेलं नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"तुला काय कळतं बीटरमधलं?"

"बीटरमधलं नाही, पायातलं कळतं. माझ्या नवऱ्याचाही असाच गेला होता."

दोन दिवस माझ्याशी अबोला. बार्लीचा चहा केला तरी माझ्या कपात ओतेना. असा हट्टी माणूस!

मेंगदादांचा जुना पहिला धरला, तर दुसरा बीटर त्यांनी कडक नमद्याचा केला, तिसरा त्यावर चामडं चढवून. हिशोब सरळ होता. पाय हलका पडतोय, तर गोळा जेवढा कडक तेवढा आवाज स्पष्ट. दोन्ही वेळा मेंगदादा हॉलवरून मान हलवत परत आले. तेव्हा प्योंनी चौथा काढला, बोराच्या लाकडाचा. तीन दिवस लेथवर होते. मेंगदादांनी तो चढवला आणि काय सांगू, त्याच मेलेल्या पायातून टक, टक, टक! समोर चार पोरं गिटार जुळवत होती, त्या गोंगाटातून माझ्या दुकानापर्यंत स्वच्छ. मी टाळ्या वाजवल्या.

"झालं हो! हेच!" मी म्हटलं. मीच म्हटलं, ते मी लपवत नाही.

मेंगदादा इतके खूश झाले की आम्हा दोघांना खालच्या गल्लीत हाडांचा रस्सा आणि भात खायला घेऊन गेले. मुळ्याची किमची तीनदा मागून घेतली. "या गी-दोकच्या हातात जादू आहे," असं रस्सेवाल्या बाईला सांगत सुटले. ती म्हणाली, "मग माझ्या नवऱ्याला पण काहीतरी बसवून द्या." प्यो लाजून ताटात बघत बसले. त्या माणसाला एवढं सुखात मी बायको गेल्यापासून बघितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी आम्ही दुकानं तासभर बंद करून हॉलवर गेलो. गाणं सुरू झालं. लाकडी बीटरचा टक टक आम्हाला दारातून ऐकू येत होता. पण नाचणारे? जोड्या एकमेकांवर आपटत होत्या. कुणी पाऊल टाकून थांबत होतं, कुणी दुसऱ्याकडे बघून पाय उचलत होतं. बांगआजी, ऐंशीच्या असतील, जांभळा झगा, त्या जोडीदाराला सोडून तरातरा ड्रमपाशी आल्या.

"काय रे मेंग, झोपलास का? वाजव की!"

"वाजवतोय आजी!"

प्यो पुढे झाले. "आजी, हा टक टक ऐकू येत नाही तुम्हाला?"

"कसलं टक टक? मला फोनची घंटी ऐकू येत नाही, दारावरची बेल ऐकू येत नाही. सून म्हणते मी सोंग करते."

"मग इतकी वर्षं कशावर नाचत होता?"

बांगआजींनी आपल्या पोटावर थाप मारली. "इथं यायचं ना! धुम्म व्हायचं, पायाखालच्या फळीतून वर यायचं, पाय आपोआप उचलायचा. आता काही येत नाही."

प्योंचा चेहरा पांढरा पडला. म्हाताऱ्या कानांतून सगळ्यात आधी जातो तो बारीक, धारदार आवाज. आणि त्यांनी तीन आठवडे खपून बरोबर तोच आवाज बनवला होता. स्वतःच्या कानासाठी आणि माझ्यासाठी. नाचणाऱ्यांना हवा होता तो धुम्म, आणि धुम्मला मऊ, जड गोळा लागतो आणि तो फेकणारा पाय लागतो. पन्नास वर्षं मुरलेला कारागीर, आणि ऐकणाऱ्याचं वय विसरला!

सणाला दोन दिवस होते. पाचवा बीटर त्यांनी घरी जेवायला जाणंही सोडून केला. आत पितळेचा भरीव गट्टू, वर जाड नमदा, त्यावर मेंढीची लोकर. स्वतःच्या पायाने वाजवून बघितला तेव्हा माझ्या दुकानातल्या पाकिटांमधल्या तारा खुळखुळल्या.

"जड आहे हो," मी म्हटलं.

"जड नाही केला तर धुम्म नाही."

"आणि उचलणार कोण?"

प्यो पेडलवरचा स्क्रू आवळत राहिले. मी तेव्हा गप्प बसायला नको होतं.

सणाच्या आदल्या दिवशी हॉल भरलेला होता. मेंगदादांनी केसांना तेल लावलं होतं, पांढरा शर्ट. प्यो ड्रमच्या बाजूला उभे राहिले, तोंड भिंतीकडे, समोर नाचाच्या शिकवणीचा कागद चिकटवलेला. पहिला ठोका पडला, धुम्म, आणि सगळ्या हॉलने पाऊल उचललं. मी देवाचं नाव घेतलं. दुसरा ठोका उशिरा आला. तिसरा आलाच नाही. मेंगदादा मांडीला हात लावून पाय वर ओढत होते, ड्रमची काठी टाकून हाताने गुडघा उचलत होते, कपाळावरून तेल आणि घाम एकत्र येत होतं. जोड्या थांबल्या. ऑर्गनवाल्यानंही हात काढला.

योमबाई पुढे आली.  "प्यो मालक, तुम्ही यातले जाणकार. मला एकच सांगा. दोष बीटरचा आहे की पायाचा? बीटरचा असेल तर मी आणखी पंधरा दिवस थांबते."

तेव्हा आमचे प्यो वळले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वाजवणाऱ्याच्या पायाकडे बघितलं. पेडलवर आडवा पडलेला तो पाय, मोजा घसरलेला. मेंगदादा त्यांच्याकडे बघत होते. 

"बीटरचा," प्यो म्हणाले. "माझं काम फसलं."

"मग चांगला कधी देता?"

 गोळ्याचे सगळे प्रकार संपले होते. मऊ झाला, कडक झाला, हलका झाला, जड झाला. "मला..." ते म्हणाले, "मला आता जमत नाही बाई. माझा हात गेला."

सगळ्या हॉलसमोर! ज्या माणसाच्या हातात काडीचा दोष नव्हता त्यानं. गल्लीत ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? प्योचा हात गेला, प्यो स्वतःच म्हणाला. मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

योमबाईनं मान हलवली आणि ऑर्गनवाल्याला खूण केली. त्याने बटण दाबलं. धुम्म, धुम्म, धुम्म, एकही चुकत नव्हता. फळ्या हलल्या. बांगआजी ओरडल्या, "हां, आत्ता कसं!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना फक्त पोटात आलं होतं. सगळे नाचू लागले. मेंगदादांना उठून जायला वाट नव्हती, नाचणाऱ्यांनी भरली होती, म्हणून गाणं संपेपर्यंत ते मोड्यावर बसून राहिले.

सण झाला. दुकानं उघडली. चौथ्या दिवशी मेंगदादा आले, हातात कापडी पिशवी. प्योंनी लगेच मोडा पुढे केला.

"दादा, बसा. मी विचार केलाय. गट्टू ॲल्युमिनियमचा घातला तर कदाचित..."

मेंगदादा बसले नाहीत. पिशवीतून एकेक बीटर काढून त्यांनी फळीवर ओळीनं ठेवला. जुना, मग कडक नमद्याचा, चामड्याचा, लाकडी, लोकरीचा. सगळे पुसलेले. लोकरीचा तर विंचरलेला.

"पाचही चांगले होते," ते म्हणाले.

"दादा, सहावा..."

"पाचही चांगले होते, गी-दोक. मी सगळ्या गल्लीला सांगून आलोय."

आणि ते वळले. जिन्याकडे जाताना पाय फरशीवर घासत होता, एक पाऊल, एक घासणं. प्यो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले, डोळे मिटून, हात मांडीवर. तो आवाज जिन्यावरून पार खाली जाईपर्यंत ऐकत राहिले. त्या दिवशी मीही त्या पायाकडे बघितलं नाही.