खोडलेल्या ओळी

आमचे हे चिखलीला एका वकिलांकडे कारकून होते. वकिलांनी जुनी मोटार विकत घेतली, पण ठेवलेला ड्रायव्हर चार महिन्यांतच पलटणीत भरती झाला. लढाईचे दिवस होते, दुसरा ड्रायव्हर मिळेना. मग वकिलांनी यांनाच मोटार शिकायला लावली. यांनी बुलढाण्याला जाऊन परीक्षा दिली आणि आठ दिवसांनी लायसन घेऊन घरी आले.

त्या दिवशी जेवणाआधी त्यांनी ते मला वाचून दाखवलं. मला इंग्रजी येत नव्हतं. वर मध्यप्रांत आणि वऱ्हाडचं नाव, आत यांचा फोटो. फोटोत ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसत होते. खाली वाहनांची यादी छापलेली होती. बोट ठेवून ते सांगत गेले : मोटारसायकल, मोटारकार, भाड्याची मोटार, मालाची लॉरी, ट्रॅक्टर, रोडरोलर. एक ओळ सोडून बाकी सगळ्यांवर शाईची रेघ मारली होती.

"या रेघा कशाच्या?" मी विचारलं.

"ते खोडलेलं हाये. आपल्याले फक्त मोटारकार."

"रोडरोलरपण खोडला?" मी हळहळून विचारलं. त्यावर त्यांनी लायसनाची घडी घातली आणि ताट वाढायला सांगितलं.

रेघांची गोष्ट घराबाहेर गेली नाही. गावाला एवढंच कळलं, की यांच्याजवळ लायसन आहे. लायसन म्हणजे इंजिन असलेलं सगळं चालवायची मुभा, असाच लोकांचा समज. जिनिंगवाल्या शेटजींनी कापसाच्या लॉरीबद्दल विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "पाहू." रस्त्याच्या मुकादमानं खरोखरच रोडरोलरचं विचारलं, तेव्हाही "पाहू." नाही असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. मीही गप्प बसले. नवऱ्याचा मान वाढतो आहे तर आपण कशाला बोला.

पुढे माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी बीबी गावची. लढाईमुळे पेट्रोल मोजून, सरकारी चिठ्ठीवर मिळायचं, तरी माझ्या वडिलांनी कुठून कुठून खटपट करून लग्नाचं वऱ्हाड न्यायला एक लॉरी ठरवली. सकाळी चिखलीहून निघालो. मेहकर गेलं, सुलतानपूर गेलं. बीबी तीन कोस उरली असताना ड्रायव्हरनं लॉरी बाजूला घेतली आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. अंग तव्यासारखं तापलेलं, हातपाय थडथडत होते. त्याला उतरवून लिंबाखाली निजवलं. मुहूर्त गोरजाचा होता आणि दुपार कलायला लागली होती.

वडील सरळ यांच्यापाशी आले. म्हणाले, "जावईबापू, तुमच्याजवळ लायसन हाये न? मंग काऊन थांबून राह्यलो आपण?"

वऱ्हाडी यांच्याकडे पाहू लागले. वाजंत्रीवाले तर पुन्हा लॉरीत चढून बसलेसुद्धा. हे पुढे जाऊन सीटवर बसले. लॉरीत बायका होत्या, मांडीवर लेकरं होती. मी चाकापाशी उभी राहून हळूच म्हटलं, "अहो, ती ओळ खोडलेली आहे ना?" त्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. लॉरी चालू केली. गिअर टाकताना असा काही आवाज निघाला, की वरची एक म्हातारी रामराम म्हणू लागली. लॉरी दहा-बारा हात गेली. पुढे नाल्याचा उतार होता. तिथे यांनी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. कपाळावरून घाम वाहत होता.

ते वडिलांपुढे उभे राहून म्हणाले, "मामाजी, माह्या लायसनात लॉरी नाही. मोटारकार हाये फक्त. हे मी आधीच सांगाले पाह्यजे होतं."

मला वाटलं, वडील आता रागावतील. त्यांनी लॉरीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, मग लेकरांकडे पाहिलं. "उतरा रे सारे," एवढंच म्हणाले आणि धोतराचा सोगा खोचून गाड्या मागायला शेताकडे निघाले. हेही त्यांच्या मागे गेले. आसपासच्या शेतकऱ्यांनी सहा बैलगाड्या दिल्या. एक जण ड्रायव्हरला घरी घेऊन गेला. आम्ही धुळीनं माखून बीबीला पोचलो तेव्हा मुहूर्ताला जेमतेम एक घटका उरली होती. नवरदेवाचं तोंड धुऊन त्याला तसाच बोहल्यावर उभा केला.

दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत मात्र वडिलांनी जावयाला सोडलं नाही. बुंदी आली, तेव्हा वाढप्याला थांबवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, बुंदी चालते का लायसनात?" हे मान खाली घालून म्हणाले, "चालते." मग वरण आलं, वांग्याची भाजी आली, कढी आली. दर वेळी तोच प्रश्न. अख्खी पंगत हसत होती, आणि कढीपाशी येईतो हेही हसायला लागले.

मी मात्र त्या दिवशी त्यांना एका शब्दानंही चिडवलं नाही. परतताना बैलगाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "तू चाकापाशी बोलली, ते बरं केलं." मी म्हटलं, "मी काय बोलले? तुम्ही तर ऐकलंच नाही." तेव्हा ते बाहेरच्या तुरीच्या शेतांकडे पाहू लागले आणि यंदा तूर बरी आहे असं काहीतरी म्हणाले.