लिहिणारा दगड

लिफ्टवाल्यांच्या घरामागच्या बोळात गेली कित्येक वर्षं एक डबा फिरत होता. माणसं जेवत असली, भांडत असली किंवा झोपलेली असली, तरी त्याला सोयरसुतक नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, दोन लोखंडी दांडे, दांड्यांवर चढवलेली रबरी नळी, आणि त्यांवर आडवा पडून गरगरणारा जाड रबराचा डबा. डब्यात दगड, पाणी आणि दगडांना घासून गुळगुळीत करणारी कुरुंदाची पूड. नव्या पाहुण्याला वाटायचं, शेजारी कुणीतरी सतत खडी चाळतंय. घरातल्यांना मात्र तो आवाज थांबला की जाग यायची.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. हजारो माणसं वरखाली पाठवली आणि स्वतः राहिले तळमजल्यावर, असं त्यांची बायको म्हणायची. माणूस हाताचा सोन्यासारखा आणि तोंडाचा खडबडीत. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायचं आणि बिघडलेलं माणूस हाकलायचं, एवढं सरळ त्यांचं तत्त्वज्ञान. दगडांच्या नादाला ते निवृत्तीच्या आधीच लागले होते. बायको म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." शेजारी म्हणाला, "दगडापेक्षा वीट मऊ, आणि लिफ्टवाल्यांपेक्षा दगड मऊ." लिफ्टवाले दोघांवरही चिडले आणि डबा फिरत राहिला.

या उद्योगाचे नियम ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ऐकवायचे. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी चकाकीची. दर टप्प्याला दगड आणि डबा लख्ख धुवायचा, कारण भरड पुडीचा एक कण जरी शेवटच्या फेरीत राहिला तरी महिन्याभराच्या मेहनतीवर ओरखडे. चिखल मोरीत ओतायचा नाही. हा नियम ते अनुभवाने शिकले होते. सुरुवातीला एकदा त्यांनी तो मोरीत ओतला, पाइपात त्याचा सिमेंटसारखा गोळा झाला, आणि प्लंबरने स्वयंपाकघर खणून काढलं. त्यानंतर बायको आठवडाभर त्यांच्याशी फक्त प्लंबरमार्फत बोलत होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कठीण दगड कठीण दगडांतच टाकायचा. "जो दगड फरशीवर उमटतो, तो डब्यात जायचा नाही. बाकीचे त्याला खाऊन टाकतात." हे बायकोनेही शंभरदा ऐकलं होतं. पण शंभरदा ऐकलेली गोष्ट माणूस ऐकतो कुठे?

त्यांना एकुलता एक मुलगा होता. होता म्हणजे आहे, पण दूर. तो विशीत असताना लिफ्टवाल्यांनी शब्द टाकून त्याला आपल्याच कंपनीत चिकटवलं. पहिल्यांदाच लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची वेळ आली, आणि मुलगा शिडीवर अर्ध्यात गोठला. खाली अंधार, वर लोंबणारे दोर. घामाने निथळत तो वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, मला नाही जमणार." सोबतचे कामगार हसले. बापाचं नाक कापलं गेलं. त्या संध्याकाळी घरी लिफ्टवाले जे बोलू नये ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, "चालता हो. परत तोंड दाखवू नकोस."

मुलगा बापाचाच. बोलल्याप्रमाणे वागणारा. त्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. आईला अधूनमधून फोन करायचा, पण बापाने उचलला तर "आईला देता का?" एवढंच.

मग एके दिवशी त्याचा फोन आला. तो देश सोडून चालला होता, कायमचा. विमान याच शहरातून होतं, म्हणून दुपारी घटकाभर घरी येईन म्हणाला. यायला अजून दोनेक महिने होते. आईने फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली. "जाता जाता येतोय," ती म्हणाली. "रस्त्यात घर लागतं म्हणून."

लिफ्टवाले उठले. मागच्या बोळात गेले, आणि फळीवरच्या खोक्यातून एक अकीक काढला. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, अंगठ्याएवढा, इतकी वर्षं डब्यात टाकायला मन न झालेला. तोंडाने माफी मागणं या जन्मात जमणार नव्हतं, हे ते ओळखून होते. पण हा दगड मुलाच्या हातात ठेवता येईल. तो खिशात घालेल, तिकडे गेल्यावर कधी किल्ल्या चाचपताना हाताला लागेल, आणि त्याला कळेल. एवढी एकच आशा त्यांनी इतर कठीण दगडांबरोबर डब्यात घातली आणि खटका दाबला.

बायको दारातून बघत होती. "त्याच्यासाठी?"

"बघू," ते म्हणाले. तिला कळायचं ते कळलं.

आठवडा उलटल्यावर त्यांनी डबा उघडला. आत फेस होता आणि चिखल नेहमीपेक्षा दाट, पांढुरका. नेहमी तो राखाडी असायचा. पूड बदलली म्हणून असेल, असं म्हणत त्यांनी दगड चाळणीत ओतले, चिखल भिंतीकडेच्या खड्ड्यात टाकला आणि नळ सोडला. अकीक छान उतरला होता. कोपरे गेले होते, पट्टे उघडले होते. ते मनातून खूश झाले.

बायको हात पुसत आली. चाळणीत वाकून बघितलं. मग एकेक दगड उचलून बाजूला ठेवायला लागली.

"काय शोधतेस?"

"सगळे निघाले का?"

"निघाले."

"डब्यात नाही ना राहिला एखादा?" तिने डबा स्वतःच उचलला, आत हात घालून तळ चाचपला. हात पांढरा होऊन बाहेर आला. त्या हाताकडे ती बघत राहिली. लिफ्टवाल्यांनी डबा तिच्याकडून घेतला.

"अगं, काय टाकलं होतंस तू यात?"

मुलगा लहान असताना रस्त्याच्या खोदकामाच्या ढिगातून एक पांढरा, तुळतुळीत दगड घेऊन आला होता. तो फरशीवर खडूसारखा उमटायचा. त्या दगडाने त्याने घरभर लिफ्ट काढल्या. स्वयंपाकघरात लिफ्ट, दारात लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टमध्ये हातात पाना घेतलेला एक माणूस. "हे बाबा," म्हणायचा. आई ओरडायची आणि पुसायची. तो घर सोडून गेला, तेव्हा तो उरलेला दगड तिने बटणांच्या डबीत ठेवला. लिफ्टवाल्यांनी तो तिथे कधीतरी पाहिला होता आणि झाकण परत लावलं होतं.

"तुम्ही मोटरचा पट्टा आणायला गेला होता ना, तेव्हा टाकला," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचे ते काळेबेंद्रे धोंडे एवढे चमकून निघतात, हा तर मुळातच पांढरा. तुमचा आणि माझा, दोन्ही त्याला एकदम देऊ. तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

नाहीच म्हणालो असतो. सांगितलं होतं ना शंभरदा. सगळं भाषण लिफ्टवाल्यांच्या ओठांवर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तयार भाषण गिळलं.

ती वाटी घेऊन खड्ड्याशी गेली. वरवरचा चिखल मातीतून खरवडून आणला आणि खिडकीत वाळवत ठेवला. "यातून काही जमेल का?"

"नाही जमणार."

वाळल्यावर तिने त्याचा खडा करून फरशीवर घासून पाहिला. रेघ उमटली नाही. नुसता भुगा पडला, आणि त्यातल्या कुरुंदाने फरशीला चरा गेला. तो चरा ती पुसत बसली. तो पुसला जाण्यातला नव्हता.

लिफ्टवाल्यांनी पुढचे टप्पे पार पाडले. तीच पूड, तेच धुणं, पण डब्याचा आवाज आता त्यांना सोसवेना. दर फेरीला वाटायचं, आत काहीतरी खाल्लं जातंय. अकीक मात्र असा निघाला की तसा दगड त्यांच्या हातून पूर्वी झाला नव्हता. ओला नसतानाही ओला दिसायचा. बायकोने तो तळहातावर घेतला आणि म्हणाली, "तुमचा छान झाला." त्या 'तुमचा'ने ते कानकोंडे झाले.

मुलगा आला. केस विरळ झालेले, बोलणं मऊ. भांडला असता तर लिफ्टवाल्यांना बरं वाटलं असतं. पण तो पाहुण्यासारखा वागला. "तुम्ही बसा ना, बाबा." "तब्येत काय म्हणते?" "घर छान ठेवलंय." आई चहा करायला आत गेली. जाताना तिने नवऱ्याकडे पाहिलं, म्हणजे तुम्हीच सांगा त्याला, माझ्याच्याने व्हायचं नाही.

लिफ्टवाल्यांनी घसा साफ केला. "तुझा तो पांढरा दगड होता ना. आईने इतकी वर्षं जपला होता. तुला द्यायचा म्हणून... माझ्या डब्यात गेला. विरघळला."

"कुठला दगड?"

"तो लिहिणारा. फरशीवर लिफ्ट काढायचास. आत मी असायचो."

मुलाने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, फरशीकडे पाहिलं. मग हसला. "मी? नाही हो आठवत. खडू असेल."

आतून कपबशांचा आवाज येत होता. लिफ्टवाल्यांनी आवाज खाली आणला. "हे आईसमोर म्हणू नकोस."

"बरं," मुलगा समजूतदारपणे म्हणाला.

मग त्यांनी अकीक काढून त्याच्या हातात ठेवला. मनात घोकलेलं एक वाक्य होतं: शिडीवर भीती मलाही वाटली होती पहिल्या दिवशी. खरं होतं ते. ते कुणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "कठीण जातीचा आहे. चरा जायचा नाही."

"वा, मस्त चमकतोय. अजून करता वाटतं तुम्ही हे?" मुलाने दगड उजेडात धरला, बोटांत फिरवला. चहा आला. तो घ्यायला त्याने दगड टेबलावर ठेवला. आईने विचारलं, तिकडे थंडी फार का, जेवणाचं काय, फोन करशील ना. त्याने सगळ्याला नीट उत्तरं दिली. मग टॅक्सीवाल्याचा फोन वाजला, धावपळ झाली, आई त्याला घट्ट धरून रडली, त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. बापाचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. तोही क्षणभरच.

टॅक्सी निघाली तशी आई फाटकाशीच उभी राहिली. लिफ्टवाले पाणी प्यायला आत आले. बशीशेजारी अकीक होता.

टॅक्सी अजून कोपऱ्यावरच्या गर्दीत अडकलेली खिडकीतून दिसत होती. म्हातारा असला तरी माणूस तेवढं धावू शकला असता. मुलाने "अरे हो!" म्हणून दगड घेतलाही असता. पण तो "अरे हो" त्यांना ऐकायचा नव्हता. त्यांनी दगड खिशात टाकला, आणि गर्दी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

बायको आत आली, कपबशा गोळा करायला लागली. पाठ फिरवूनच तिने विचारलं, "सांगितलंत का दगडाचं?"

"सांगितलं."

"आठवला त्याला?"

आता या प्रश्नाला दुसरं उत्तर कुठला नवरा देईल? "आठवला तर! लिफ्टसुद्धा आठवल्या. हळहळला बिचारा. न्यायचा होता म्हणाला."

त्यांना वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिने कप मोरीत ठेवला, नळ सोडला, आणि पाणी नुसतंच वाहू दिलं. "म्हणजे त्याला हवा होता," ती म्हणाली. "एवढी एक वस्तू हवी होती त्याला या घरातली. आणि ती मी माझ्या हाताने चिखलात घातली."

लिफ्टवाल्यांनी वाहता नळ बंद केला. शब्द मागे घ्यावा, तर सांगावं लागणार, की तू वर्षानुवर्षं जपलंस ते त्याच्या गावीही नाही. न घ्यावा, तर ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःला कोसत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारा हात त्यांचाच.

"जाऊ दे आता," एवढंच ते म्हणाले.

"तुमचा तरी गेला त्याच्याबरोबर," तिने डोळे पुसले. "खिशात घातला ना त्याने?"

खिशातल्या मुठीत दगड गरम झाला होता. "घातला," लिफ्टवाले म्हणाले.

आता तो दगड घरात तिच्या नजरेला पडून चालणार नव्हता. फेकायला कचऱ्याची गाडी रोज दारावरून जायची, पण हातून तो सुटेना. शेवटी ती दुकानात गेलेली पाहून त्यांनी डबा उघडला, भरड पूड घातली, आणि तो चकाकता अकीक पुन्हा रांगड्या धोंड्यांत टाकून खटका दाबला.

तेव्हापासून ते दर आठवड्याला डबा उघडतात. दगड मंद झालाय, पट्टे धुरकटलेत, पण आकार जवळजवळ तोच आहे. बायको आतून विचारते, "कोणते आहेत हो यात? कधीचे फिरताहेत."

"जुनेच," ते म्हणतात. "वेळ लागेल."

ती बाहेर यायच्या आत ते झाकण लावून टाकतात. अकीक किती कठीण असतो ते त्यांनीच आयुष्यभर लोकांना पकडून पकडून सांगितलंय. हा काही त्यांच्या हयातीत संपायचा नाही.