आधी मला सांग, मग फोन लाव

अन्याय झाला तो गोडदेव नाक्यावरच्या पिवळ्या टेलिफोन बूथमधल्या मावशीवर. तो झाला अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, सभागृहातली निम्मी बाकं रिकामी असताना. मंत्र्यांनी चष्मा पुसला आणि हातातला कागद वाचला, "प्रत्यक्ष पाहणीत बूथचालकांनी कोणतीही तक्रार नसल्याचे सांगितले आहे." मी वर गॅलरीत बसले होते. तिथे प्रेक्षकाला बोलायला बंदी असते, म्हणून हे या पत्रकात लिहितेय.

मावशीचं नाव लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. तुमच्यापैकी जे तेव्हा गोडदेवला किंवा शांती नगरला राहत होते त्यांना ती नावाशिवायही आठवेल. मोबाईल अजून दुकानदारांच्या आणि बिल्डरांच्याच खिशात होता. गावी फोन करायचा तर बूथवर जावं लागायचं, आणि मावशीच्या बूथवर गेलं की फोनच्या आधी मावशी लागायची.

रिसीव्हर ती मांडीवर धरून बसायची. नंबर सांगितला तरी द्यायची नाही.

"काय बोलणार?"

"बोलतो ना मावशी, द्या तर."

"आधी मला सांग, मग फोन लाव."

मीटर मिनिटाच्या हिशेबाने पळायचं. माणूस मात्र फोन लागला की गडबडायचा, हॅलो हॅलो करत राहायचा, मुद्दा शेवटी आठवायचा, आणि तोवर पैसे संपलेले असायचे. म्हणून मावशी आधी तालीम घ्यायची. यात तिचंच नुकसान होतं हे तिला कोणी सांगितलं तर म्हणायची, "मग काय, त्याने अर्धा तास खोकत बसावं आणि मी मोजावं?"

बेव्हर्ली पार्कमधल्या एका बिल्डिंगचे वॉचमन होते, गुहागरकडचे. घराच्या वाटणीवरून भावाशी बिनसलेलं. ते तणतणत आले आणि भावाला काय काय सुनावणार ते सांगू लागले. त्यात सात पिढ्यांचा उद्धार होता. मावशी म्हणाली, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं, थोडं कमी. "पुन्हा." असं करत करत शेवटी उरलं ते एवढंच: दादा, गणपतीला येतोय, तेव्हा बसून बोलू. तेवढं बोलून ते बाहेर आले आणि मीटरकडे बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच होतं," मावशी म्हणाली. "बाकी पित्त होतं तुमचं."

फर्निचर पॉलिशच्या कामावरचा एक उत्तर प्रदेशचा पोरगेला माणूस दिवाळीला घरी जाणार नव्हता. तो आईला तेच सांगायला आला. "क्या बोलेगा?" मावशीने विचारलं. "बोलूंगा काम बहुत है।" मावशीने मान हलवली. "पहिले तबियत पूछने का. खाना खाया क्या पूछने का. काम का लास्ट में." आत काचेमागे तो रडायला लागला तशी मावशीने हात लांब करून रेडिओ मोठा केला. बाहेर आम्ही रांगेतले सगळे बाजारभावाच्या बातम्या ऐकत उभे.

लहानपणी तिचे दोन्ही पाय पोलिओने गेले होते. बूथ तिला अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. हाताने चालवायची तीनचाकी ती बूथला टेकवून लावायची आणि फळीला धरून स्टुलावर सरकायची. मदतीला कोणी पुढे झालं तर दरडावायची, "हात लावू नको, तोल जातो माझा." आणि कोणीही, कधीही, कसं चाललंय विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "बरं चाललंय." अंगात ताप असला तरी बरं चाललंय. लाइन दोन दिवस बंद, गल्ला रिकामा, तरी बरं चाललंय. मावशी मूळची रत्नागिरीची, आणि तिथली माणसं अशी असतात हे मला माहीत होतं. माझी आई तिकडचीच. पण या दोन शब्दांनी कोणाचं घर बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तिची-माझी ओळख पत्रकामुळे झाली. आमची सात-आठ जणांची संघटना. पाणी, रेशन, रस्ते, जे समोर येईल त्यावर आम्ही पत्रक काढायचो. एक मी तिच्या बूथच्या काचेवर चिकटवत होते. तिने ते हातात मागून घेतलं आणि सबंध वाचलं.

"तूच लिहिलंस?"

"हो."

"तुला काय पाहिजे ते शेवटच्या ओळीत आहे गो. तोवर फोन कट झालेला असतो."

तेव्हापासून मी तिची पत्रकवाली. छापायच्या आधी पत्रक तिला वाचून दाखवायचं असा नियमच झाला.

मग ते विधेयक आलं. टेलिफोनचे नियम दिल्लीत ठरतात, पण बूथ उभा असतो रस्त्याच्या कडेला, आणि ती कड राज्याच्या कायद्यात येते. विधेयक म्हणत होतं, जागेची फी यापुढे सरकारी कारकून गोळा करणार नाहीत, खासगी एजन्सी करेल. कारकुनांचा पगार वाचेल, म्हणजे खर्चात बचत. एजन्सीला तिचं शुल्क द्यायचं, पण ते बूथवाल्याने, फीच्या वर. आणि मोक्याच्या जागा कोट्यातून न देता बोलीवर द्यायच्या. जी कंपनी जास्त देईल तिचं नाणं टाकायचं यंत्र तिथे लागेल. याला त्यांनी निकोप स्पर्धा म्हटलं होतं.

पोलिओच्या पायांना शर्यतीत उतरवताय, असं मी पत्रकात लिहिलं. मावशीने ते वाक्य खोडलं. "पायांवर जाऊ नकोस. जागेवर बोल."

आम्ही आमदारांच्या ऑफिसात इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई आम्हाला बघून आपणहून नाही म्हणायचा. तरी शेवटी एक झालं. विधेयक सभागृहात जाण्याआधी आमदारांची एक समिती बूथ बघायला येणार आणि चालकांचं म्हणणं ऐकणार. गोडदेव नाका त्यांच्या यादीत लागला.

आता तालीम घ्यायची पाळी माझी होती. आठवडाभर रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी समितीचा अध्यक्ष व्हायचे.

"बोला बाई, काय म्हणणं आहे?"

"साहेब, फी आणि वर एजन्सीचं शुल्क मला झेपणार नाही. बोलीत मी कंपनीसमोर टिकणार नाही. ही जागा गेली तर मला दुसरं काम नाही. जागा हलवू नका."

घडघड बोलायची. कुठे अडखळायची नाही. बूथमागच्या घरातले आगरी आजोबा ओट्यावर बसून ऐकायचे. त्यांची मिठागरं कधीच गेली होती आणि भातखाचरांवर बिल्डिंगी उभ्या होत्या. ते म्हणायचे, "झकास बोलतंस. त्यांच्याम्होरं बी असाच बोल. आमी बोललो न्हाय, म्हून आमचा काय उरला न्हाय."

समिती आली ती तीन गाड्यांतून, उन्हात, चार तास उशिरा. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती. अध्यक्ष सत्तरीचे, पांढऱ्या कपड्यांतले, घामाने थबथबलेले. लंगडत बूथपाशी आले. ते उद्धट असते तर बरं झालं असतं. ते उद्धट नव्हते. दोन्ही हात जोडून, वाकून, घरच्या माणसासारखं त्यांनी विचारलं, "काय ताई, कसं चाललंय?"

मावशीने पदर सारखा केला.

"बरं चाललंय," ती म्हणाली. "बसा ना. उन्हातनं आलात."

गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल पुढे झालं. समोरच्या टपरीवरून चहा आला, तिने आधीच सांगून ठेवलेला. बिस्किटं तर तिने काचेच्या बरणीत भरून आणली होती. अध्यक्ष बसले आणि गुडघा चोळू लागले. मावशीने त्यांना कुठलं तेल, कसं गरम करून लावायचं ते सांगितलं. मी मध्ये पडले, "साहेब, फीचं त्यांना बोलायचंय." सोबतच्या अधिकाऱ्याने मला हाताने थांबवलं. "त्या बोलतायत ना. बोलू द्या की त्यांना."

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, मी खोटं बोलणार नाही, विचारलं त्यांनी. "काही अडचण वगैरे?"

मावशी माझ्याकडे बघत होती. ती चार वाक्यं तिच्या ओठांवर होती, मला दिसत होती. मग तिने त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. अजून अर्धा कप चहा होता.

"नाही, तशी काही नाही. तुम्ही घ्या ना अजून एक बिस्किट."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. गाड्या गेल्या.

आजोबा ओट्यावरून म्हणाले, "चाय पाजलीस, बिस्कुटां चारलीस, नि जागेचा येक शबुद न्हाय काढलास. गेली जागा."

मी भांडले तिच्याशी. रस्त्यावर, लोकांसमोर. आठवडाभर काय घोकत होतो आपण, असं म्हणाले. ती बरणीचं झाकण लावत होती. ते नीट लागत नव्हतं.

"दारात आलेल्या माणसाच्या हातात कप आहे," ती म्हणाली, "आणि त्याच्यापुढे रडगाणं गायचं? आमच्यात नाही गो तसं. त्याचा घोट घशात अडकला असता."

"ते पाहुणे नव्हते मावशी."

"दारात आला तो पाहुणाच."

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून समितीच्या ऑफिसात फोन लावला. आधी मला म्हणून दाखवलं, मग लावला. साहेब बैठकीत होते. संध्याकाळीही बैठकीत, पुढच्या आठवड्यातही. फोनवरच्या माणसाने सांगितलं की बाई, तुमचं म्हणणं नोंदलेलं आहे.

मग तो सोमवार. पहिले दोन तास एजन्सीला किती टक्के द्यायचे यावर गेले. एकजण बचतीवर बोलले, छान बोलले, आकड्यांनिशी. विरोधी बाकावरच्या एका बाईंनी अपंगांच्या बूथचा प्रश्न काढला तेव्हा समोरच्या बाकांवर दोघे कसल्याशा चिठ्ठीवर हसत होते. उत्तरात मंत्र्यांनी ते वाक्य वाचलं. समितीचे अध्यक्ष, तेच गुडघ्याचे, मंत्र्यांच्या दोन रांगा मागे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आवाजी मतदान झालं, होयचं बहुमत झालं. बाहेर आले तेव्हा मला राग यायला हवा होता, पण नुसती झोप येत होती.

मावशी बूथमध्ये वाट बघत होती. मी ते वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. ते खोटारडे आहेत, असं पुढे म्हणणार होते.

"खोटं कुठे बोलले?" ती म्हणाली. "मीच बोलले होते."

मग बराच वेळ गिऱ्हाईक आलं नाही.

एजन्सीचा माणूस पावत्या घेऊन यायला लागला. बिचारा नोकरीवाला, उन्हाने रापलेला. मावशी त्यालाही चहा द्यायची आणि पुढच्या महिन्यावर ढकलायची. दिवाळीनंतर जागेची बोली लागली. पिवळा बूथ टेम्पोत आडवा करून नेला. त्याच फरशीवर लाल यंत्र बसलं. मावशी रत्नागिरीच्या बाजूला भावाकडे गेली. तीनचाकी गावच्या गाडीवर चढवताना तिने पहिल्यांदाच आम्हाला हात लावू दिला. तेवढं एकच वेगळं.

काही महिन्यांनी मी तिला फोन केला.

"कशी आहेस मावशी?"

"बरं चाललंय."

"आधी मला सांग," मी म्हणाले. "मग बरं म्हण."

रिसीव्हरची खरखर आली. तिने तो दुसऱ्या कानाला लावला असणार.

"इथे फोन आहे गो भावाचा," ती म्हणाली. "पण मला कुणाला लावायचा नसतो. दिवसभर कोणी बोलताना कानावर येत नाही. ऐकायची सवय मोडत नाही." मग लगेच, "किती वेळ झाला? बिल होईल तुझं. ठेव."

तिच्या तोंडून ऐकलेली तक्रार ती एवढीच. पुढच्या शिमग्याला फोन केला तेव्हा भावाने उचलला. ती जाऊन महिना झाला होता. शेवटी कशी होती, मी विचारलं. तो म्हणाला, "विचारलं की बरं म्हणायची."

नाक्यावर लाल यंत्रापाशी आजही, मोबाईल न परवडणारी माणसं उभी असतात. नाणं टाकतात, हॅलो हॅलो करतात, मुद्दा आठवायच्या आत नाणं संपतं. दुसरं शोधायला खिसे चाचपतात.

आता आणखी एक समिती येतेय. या वेळी टपऱ्या बघायला: चहाच्या, चांभाराच्या, चाव्या बनवणाऱ्यांच्या. तुमची टपरी असेल तर ते तुमच्या दारात येतील. टपरी नसेल तर त्या दिवशी टपरीवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. ते दमलेले असतील, चांगले वागतील, हात जोडून कसं चाललंय विचारतील. तेव्हा स्टूल पुढे करू नका. फी झेपत नाही म्हणा, जागा हलवू नका म्हणा, आणि ते कागदावर उतरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

चहा मग द्या.