दादाच्या गिटारच्या तारा

दादानं नागपूरहून कुणाची तरी वापरलेली इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा मी अकरावीत होते. सिंदी मेघेतल्या आमच्या घरी मोबाइलवर बघून बघून तो बरा वाजवायला लागला आणि भीमगीतांच्या एका गायन पार्टीत वाजवायला जाऊ लागला. तारांची मात्र त्याला भीती. एकदा सगळ्यात बारीक तार पिळताना तुटली आणि सपकन त्याच्या गालावर बसली. तेव्हापासून तारा बदलायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते नीट शिकले. सहाही तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. खुंटीवर दोन-तीन वेढे द्यायचे, उरलेलं टोक पकडीनं कापायचं. मग तार अंगठ्यानं हलकेच ओढायची, उतरली की पुन्हा सुरात आणायची, ती उतरेनाशी होईपर्यंत. दादाला सूर जुळवायला मोबाइल लागायचा, मला लागत नसे. तो घरी नसला की मी वाजवायचेही. मलाही पार्टीत ने, असं एकदा म्हटलं, तर तो म्हणाला, "तू तारा बदल. तेच जमते तुले."

अल्लीपूरला जयंतीचा कार्यक्रम होता. त्या दिवशी दुपारी त्यानं नव्या तारांचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. नव्या तारा आज उतरतील, जुन्याच राहू दे, असं मी सांगून पाहिलं. त्याला चमकणाऱ्या हव्या होत्या. मी चढवल्या. ओढून बसवायला घेतल्या तोच पार्टीची गाडी आली आणि त्यानं गिटार माझ्या हातातून घेतली.

आई आणि मी मागून पोचलो, बायकांमध्ये बसलो. दुसऱ्याच गाण्यात गिटार बेसूर झाली. गायकानं वळून पाहिलं. दादानं माइक जवळ ओढला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तारा बहिणीनं लावल्या. तिलेच विचारा."

लोक हसले. शेजारच्या बाया मला न्याहाळू लागल्या. कोणती तार उतरली ते मला बसल्या जागी कळत होतं. जाऊन खुंटी फिरवायची, एवढंच काम होतं. मी उठले नाही. पुढची चार गाणी तो तसाच वाजवत राहिला आणि मला बरं वाटलं.

तो गमतीनं बोलला, असं आई म्हणाली. पुढच्या वेळी त्यानं पाकीट ठेवलं तेव्हा मी म्हटलं, "तूच बदल." त्यानं सहाही तारा एकदम काढल्या. तारा अडकवायचा ब्रिज स्प्रिंगांच्या ताणानं आत ओढला गेला आणि गिटार वर्ध्याला दुकानात न्यावी लागली. नंतर त्यानं ते काम मला सांगितलं नाही. एकदा तरी चुकलं म्हणेल, म्हणून मी वर्षभर वाट पाहिली. त्या वर्षात माझं वाजवणं सुटलं ते सुटलंच.

आता मी सेवाग्रामला लॅबमध्ये नोकरी करते. मागच्या महिन्यात पार्टीतले लोक आमच्याकडे जेवायला होते. सुरुवातीच्या दिवसांत गिटारच्या तारा कोण बदलायचं, असं पार्टीत नव्यानं आलेल्या एकानं सहज विचारलं.

"मीच," दादा म्हणाला. "घरात कोणाले समजते त्यातलं?"

मी त्याच्याच ताटात वरण वाढत होते. त्यानं वर न बघता हातानं पुरे म्हणून खुणावलं.