माझी जबान तिच्याकडे होती

आमच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं "मालक कुठं हायेत?" म्हणून विचारलं, की समोर जो कुणी असेल तो म्हणायचा, "बोला, मीच." गिऱ्हाइकाला वाटायचं, आपली थट्टा चाललीय. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं तर चिडायची. भाव कमी करायचाय, खरा मालक दाखवा, म्हणायची. मग त्यांना चहा पाजून सांगावं लागे, की इथं साड्या उलगडणारी, चपला काढून देणारा, भांड्यांवर नावं घालणारा, सगळेच मालक आहेत.

आणि ते खरंच होतं. हिंगोलीच्या शेठजींना दुकान पुढं चालवायला घरचं कुणी नव्हतं. मुलगा पुण्यात रमलेला. बाहेरच्याला विकण्यापेक्षा त्यांनी दुकान नोकरांच्याच नावावर केलं. माकडाच्या हाती कोलीत दिलं, असं लोक आमच्या तोंडावर म्हणाले. त्याच माकडांनी पुढं गोरेगाव, डोंगरकडा, शिरड शहापूर अशा शाखा काढल्या. कापड, भांडी, चपला, दप्तरं, बांगड्या, सगळं एका छपराखाली. गोरेगावची शाखा मी आणि माझ्या मैत्रिणीनं उभी केली. ती कापडावर, मी भांड्यांवर. दोघींचा डबा एक. तिची लेकरं मला मावशी म्हणत आणि मला ती सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची होती. आज हे दातओठ खात लिहितेय, पण खोटं कशाला बोलू?

मोठा निर्णय असला की सगळ्या शाखांची बैठक हिंगोलीला व्हायची. पण दुकानं उघडी ठेवायची म्हणजे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मागं राहणारच. त्यासाठी आम्ही एक रीत पाडली होती. मागं राहणाऱ्यानं आपली 'जबान', म्हणजे आपलं मत, जाणाऱ्याबरोबर पाठवायची. कागद नाही, सही नाही. जाणारी तिथं एक हात स्वतःचा वर करायची आणि दुसरा मागं राहिलेलीचा. कधी दोघींचं पटलेलं नसायचं, मग एक हात वर आणि एक मांडीवर, आणि सगळे हसायचे. दिलेली जबान परत घ्यायची नाही, हाही नियम. या रितीचा मला केवढा अभिमान! एकमेकांवर भरवसा नसेल तर सगळ्यांनी मिळून दुकान काढायचंच कशाला, असं मी नव्या माणसांना ठणकावून सांगायची.

मग शहरातल्या एका बड्या दुकानदारानं आमची सगळी दुकानं विकत मागितली. बैठक ठरली. नेमका त्याच दिवशी एका धनगर घराचा बस्ता होता, जीप भरून माणसं येणार होती. मी मैत्रिणीला म्हटलं, "तू जा, मी थांबते."

"तुझी जबान काय?"

"न्हाई. विकायचं न्हाई. माझ्याकडून जोरात सांग."

"व्हय गं," म्हणाली आणि हिंगोलीच्या जीपमध्ये बसली.

दुपारी डोंगरकड्याच्या शाखेतल्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमी काहून कबूल झाल्या हो?"

"मी कुठं कबूल झाले?"

"तुमच्या मैत्रिणीनं दोन्ही हात वर केले की! तुमचा हात बघून आमच्या लोकांनीबी केले. म्हटलं, ताईच विका म्हणून राहिल्या, तर आपण काहून आडवं पडायचं? थोडक्या हातांसाठी दुकानं गेली बघा."

समोर नवरीची आई पराती वाजवून बघत होती, कोणती चांगली म्हणून विचारत होती. मी तिला काय सांगितलं, आठवत नाही. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला मी हिंगोलीला फोन लावला. ते म्हणाले, "बाई, जबान परत घेत न्हाईत. तुमीच शिकवलं ना आमाला?" आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी ती आली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "जेवलीस का?"

"माझा हात काहून वर केलास?"

ती काउंटरवरची साडी घडी घालू लागली. "तू न्हाई म्हणतेस कळलं असतं, तर कुणीच हो म्हटलं नसतं. लोकांचा तुझ्यावर लई भरवसा."

"म्हणून माझाच गळा कापलास?"

"ते मला मॅनेजर करून राहिले. आन् कटाळले गं मी. दर गोष्टीला बैठक, दर गोष्टीला सगळ्यांना इचारायचं. मालक होण्याची लई तकलीफ असते. मला आता बराबर नोकरी पाहिजे, महिना झाला की पगार घ्यायचा न् घरी जायचं."

"मग तुझा हात तू वर करायचा. माझा काहून?"

तिनं घडी घातलेली साडी फळीवर ठेवली. परक्यानं पोटात सुरी खुपसली असती तर मी ओरडले तरी असते. हा केसानं कापलेला गळा होता.

दुकान विकलं गेलं तसं मी काम सोडलं. ती मॅनेजर झाली. नव्या मालकानं शिरड शहापूरची शाखा परवडत नाही म्हणून बंद केली. तिथं चपला विकणाऱ्या बाई मला परवा औंढ्याच्या स्टँडवर भेटल्या. आता कापूस वेचायला जातात. मी आपणहून त्यांना सगळं सांगितलं, मी नाही म्हणाले होते, हात मैत्रिणीनं वर केला, मला ठाऊकसुद्धा नव्हतं. आमच्यातलं एक तरी माणूस माझं खरं मानेल, अशी आशा होती.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "व्हय ताई. पण सगळं मैत्रिणीवर ढकलायचं म्हणूनच तुमी बैठकीला आल्या न्हाईत, असंच समदे म्हणून राहिले. मलाबी तसंच वाटतं."

त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.