मंजुळाच्या अंगठ्याची आग
शिरगावची मंजुळा बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी तिच्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला. चादरीचा स्पर्शही सोसेना. काही दिवसांत सूज आपोआप ओसरली, ती टोपली घेऊन बाजारात गेली, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

तिला धसका बसला तो वेगळ्याच कारणानं. तिच्या धाकट्या भावाला, नवशाला, हेच दुखणं ऐन तिशीत लागलं होतं. दारू पितो म्हणून पाय सुजतो, असं गावानं ठरवून टाकलं. त्याला बोटीवर कुणी घेईना. बायको सपनाही त्याच्याशी धड बोलेना. मंजुळाला ते पटत नसे, पण लोकांना द्यायला उत्तरही नव्हतं.

तिनं मासळी खाणं सोडून पाहिलं. दिवसभर बोंबील विकायचे आणि घरी डाळभात जेवायचं. तरी अंगठा पेटायचाच. शेवटी ती सुजल्या पायानिशी पालघरला डॉक्टर मेघालींकडे गेली. त्यांनी सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासलं. त्यात सुयांसारखे बारीक खडे दिसले.

"रक्तात युरिक अॅसिड साठलं की असे खडे होतात," त्या म्हणाल्या. "ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं आणि आतडी करतात. तुमच्यात ते जन्मापासूनच मंद असावं. खडे सांध्यात बसले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात आणि धोक्याचा इशारा देतात. ही आग त्या इशाऱ्याची."

"आनि मासली?"

"थोडा हातभार लावते. पण मूळ बहुतेक घराण्यातच आहे."

मंजुळानं लगेच विचारलं, "माजा भाव दारूला शिवत नाय. त्याला पन हेच असंल?"

असू शकेल, त्या म्हणाल्या. पुरुषांना हे लवकर गाठतं. बायकांना पाळी असेपर्यंत बरंच संरक्षण असतं. भावाला आणा.

मंजुळानं नवशाला आणलं, आणि सपनालाही मुद्दाम सोबत घेतलं. नवशाच्या कोपरावर साठलेल्या खड्यांची गाठ पाहून डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग सारं पुन्हा समजावलं. सपना मान खाली घालून ऐकत राहिली. परतताना रिक्षात तिनं नवशाचा दुखरा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

दोघांना युरिक अॅसिड कमी करणारी रोजची गोळी सुरू झाली. जुने खडे विरघळताना सुरुवातीला दुखणं पुन्हा उठेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसं ते उठलंच. मंजुळाचा घोटा सुजला तेव्हा ती गोळ्या फेकायला निघाली होती. सपनानंच तिला अडवलं, सूज उतरवायची दुसरी गोळी दिली आणि बाजारात तिच्या जागी स्वतः जाऊन बसली. तिथं कुणी नवशाची चौकशी केली की ती सांगायची, "दारू नाय ती. त्याच्या रक्तातच हाय."

पुढच्या हंगामात बोट चालवणाऱ्या एका तांडेलानं नवशाला कामावर घेतलं. एकदा समुद्रात त्याचा गुडघा धरला. त्यानं गोळी घेतली आणि बसल्या बसल्या जाळं दुरुस्त करत राहिला. त्याला घरी पाठवायची गोष्ट कुणी काढली नाही.