मी मामांना रिकामी बाग दाखवली

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण चहा तुम्ही केलाय, आल्याचा केलाय, आणि माझी फजिती ऐकायची हौस तर तुमच्या तोंडावरच दिसतेय. तर ऐका. एकच अट. मधेच "म्हणजे तुमची जिरली तर!" असं म्हणायचं नाही. जिरली, ते माझं मी सांगणार आहे. रुबाबात सांगणार आहे.

आधी माझा मोठेपणा ऐकून घ्या, त्याशिवाय पुढची मजा कळायची नाही. मी भुकूमला राहते, तिथून जवळच्या एका शाळेत शिकवते, आणि गेली नऊ वर्षं त्या शाळेचं वेळापत्रक मी करते. हसताय काय? एकदा करून बघा! प्रयोगशाळा एक, मैदान एक, चित्रकलेचे सर आठवड्यातून तीनच दिवस येणार, आणि गणिताच्या बाईंना जेवणानंतरचा तास नको. तरी नऊ वर्षांत दोन शिक्षक एका वर्गाच्या दारात समोरासमोर आले, असं एकदाही झालेलं नाही. एकदाही! आमचे मुख्याध्यापक पाहुण्यांना माझी ओळखच करून देतात, "ह्या आमच्या वेळापत्रकवाल्या बाई." मला राग येत नाही. उलट मी जरा ताठ उभी राहते.

आता मामा. मामा म्हणजे माझे सासरे. धनगर माणूस, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गुडघे बोलायला लागल्यावर मेंढरं धाकट्या दिरांकडे गेली आणि मामा आमच्याकडे आले, तिसऱ्या मजल्यावर. बोलणं कमी, मागणं त्याहून कमी. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्या माणसानं मला चहात कधी चिमूटभर साखर जास्त मागितली नाही.

आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "पोरी, आपल्या माळाव बाग झालीया म्हनं. येकदा दाव की मला. गुडघ्याचं आपरेशन व्हायच्या आदी."

मी पोळी लाटायची थांबले. चौदा वर्षांतली पहिली मागणी! तीही माझ्याकडे, पोराकडे नाही!

तो माळ पौडच्या पुढचा. मालकी दुसऱ्यांची, पण चाळीस वर्षं त्याच्यावर मेंढरं मामांची. मालकांनी तिथं बाग केली. फुलांचे वाफे, कारंजं, मुलांना बसायला छोटी रेल्वे, फोटो काढायला माणसाएवढी रंगीत अक्षरं. आणि गर्दी? विचारू नका. रविवारी गाड्यांची रांग अशी लागते, की लवासाला निघालेली माणसं कंटाळून तिथंच उतरतात आणि तिथूनच परत जातात.

मामांनी विचारलं, "तितं लई मानसं येत्यात म्हनं?"

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, मामा," मी म्हणाले. "तुम्हाला नेईन तेव्हा तिथं एक माणूस दिसणार नाही."

"येकबी न्हाई?"

"एकही नाही!"

मामांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मला वाटलं, भारावले.

मग मी कामाला लागले. साधंसुधं नाही, तक्ताच केला. आडवे वार, उभे तास, हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. बागेबाहेरच्या भजीवाल्या मावशींना फोन करून विचारलं, की घाणा कधी जोरात असतो. आमच्या ह्यांना तीन वेळा गाडी घेऊन बागेवरून फिरवून आणलं. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "अगं, इतक्या वेळा आलोय तर मीच बघून घेतो ना बाग!" पण मी त्यांना गेटातून आत जाऊ दिलं नाही. काम ते काम.

शनिवार-रविवार बाद. सोमवारी बाग बंद. मंगळवारी शाळांच्या सहली, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? बुधवारी लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफर घेऊन वाफ्यांत लोळतात. शुक्रवारी दुपारपासून हिंजवडीची आयटीवाली मंडळी सुटतात. उरला गुरुवार. पण कुठलाही गुरुवार नाही हं! मी असा गुरुवार शोधला, ज्याच्या दुसऱ्या दिवशी दहावीचा गणिताचा पेपर होता. म्हणजे घरोघरी कडीकुलूप. त्यात दुपारी क्रिकेटचा मोठा सामना. आणि ह्या सगळ्यावर, अमावस्या!

तक्ता इतका देखणा झाला, की मी तो स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'गर्दी कशी टाळावी'. इतरांनाही फायदा नको का व्हायला?

मामांना दिवस सांगितला तर म्हणाले, "गुरवारी? ऐतवारी जाऊ की."

ह्या माणसाचा समजूतदारपणा बघा, असं माझ्या मनात आलं. सुनेची रजा जायला नको म्हणून गर्दीत धक्के खायला तयार!

"मामा, रजेची काळजी नको. मी घेतलीय."

"तसं न्हवं, ऐतवारी कसं, जरा..."

"नाही म्हणजे नाही. तुमच्या गुडघ्याला कुणाचा धक्का लागलेला मला चालायचा नाही."

मामा ह्यांच्याकडे बघायला लागले. हे ताटाकडे बघायला लागले. आमच्याकडे माझ्या तक्त्यापुढं कुणाचं चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी मामा तयार होऊन बाहेर आले आणि मी बघतच राहिले. नवा कोरा पटका. धोतराला इस्त्री. काठीला तेल लावून घुंगरू बांधलेलं. वहाणासुद्धा पुसलेल्या. "मामा, लग्नाला नाही जायचं," मी म्हटलं, "तिथं बघायला कुणी नाहीये!"

मामा म्हणाले, "आसंल की येकादं."

बागेशी पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. काय सांगू तुम्हाला तो देखावा! गाड्या लावायच्या एवढ्या मोठ्या मैदानात आमची एकच गाडी. हे गंमत म्हणून आडवी लावून आले. गेटवरचा वॉचमन खुर्चीत डुलक्या काढत होता. आम्हाला बघून दचकला.

"आज तर कोनच न्हाई," तो म्हणाला. "तुमी कशाला आला?"

कशाला आला! अरे, हाच तर माझा विजय! मी आत गेले ती मिरवतच. झेंडू, शेवंती, कुठकुठले परदेशी गुलाब, आणि माणूस औषधालासुद्धा नाही. एरवी त्या रंगीत अक्षरांपुढं फोटोसाठी तासभर उभं राहावं लागतं. मी एकेका अक्षरापुढं वेगळा फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'मागे एकही माणूस नाही, नीट बघून घ्या.'

"मामा, चला, कारंजं बघू."

कारंजं कोरडं. वॉचमन म्हणाला, "पंदरा मानसं झाल्याबिगर सोडायचं न्हाई, आसं सायबानी सांगितलंय."

"बरं, मग रेल्वेत बसू."

"डबं भरल्याबिगर सुटत न्हाई."

"भजी तरी?"

"आज आवस हाय. भजीवाली येत न्हाई."

माझ्या तक्त्यानं नुसती गर्दीच नाही टाळली, तर पाणी, रेल्वे आणि भजीसुद्धा टाळली होती. पण मी हार मानते काय? "शांतता तर आहे!" असं म्हणून मी मामांना झाडाखालच्या बाकावर बसवलं. मामा फुलांकडे पाठ करून बसले. तोंड गेटाकडे. जरा वेळानं म्हणाले, "मानसं कवा येत्याल?"

"येणारच नाहीत, मामा! बसा निवांत."

तेवढ्यात एक माळीदादा पाण्याचा पाइप ओढत आला. मामा गुडघे विसरून ताडकन उठले. त्याच्यापुढं काठी रोवली, घुंगरू वाजलं, आणि म्हणाले, "ह्यो माळ माजा बरं का! चाळीस वर्सं मेंडरं चारली म्या हितं!"

माळीदादा गोंधळला. "चाचा, मैं पिछले हफ्ते आया. मराठी नहीं आती."

मामा ऐकतात काय! त्यांनी हिंदी काढली. "इदर मेरा मेंडरं था! मेंडरं! ब्यांऽ ब्यांऽ!"

"बकरी अंदर घुस गई क्या?" असं ओरडत माळीदादानं पाइप टाकला आणि तो शेवंतीच्या वाफ्याकडे पळत सुटला. पुन्हा काही आमच्याकडे फिरकला नाही.

मी हसून हसून बाकावर बसले. मामा हसले नाहीत. माझ्या शेजारी बसले, पटका काढून मांडीवर ठेवला, आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, "पोरी, येक इचारू का? रागवू नगं."

"विचारा ना."

"रिकामा माळ तर म्या चाळीस वर्सं बगितलाच की गं."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही.

"हितं दिस दिस मानूस दिसायचं न्हाई," मामा म्हणाले. "हाक मारली तर कुत्रं तेवडं वळून बगायचं. लोक म्हनायचं, त्या माळाव काय हाय, दगडं. आन आता पुन्याची मानसं गाड्या करून येत्यात म्हनं. मला ती मानसं बगायची व्हती. फुलं काय, फुलं वाडीवर बी हायेत."

"अहो मामा, मग सांगायचं ना आधी!"

"म्या इचारलं की, मानसं येत्यात का म्हून. तू म्हनलीस, येकबी येऊ द्यायची न्हाई. तुजा त्यो रंगीत कागद बगितला, म्हनलं एवडं केलंय पोरीनं, कशाला मोडा घाला."

सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भजीवालीला विचारलं, ह्यांना तीनदा गाडीतून फिरवून आणलं, पंचांग बघितलं. ज्याला न्यायचं त्या माणसाला तेवढं विचारलं नाही! कुठंतरी तोंड लपवावं असं वाटलं, तर लपायला तिथं गर्दीसुद्धा नव्हती.

घरी आले. तक्त्याची माझी प्रत काढली. ह्यांनी विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, "सगळ्यात गडद लाल कुठं आहे ते बघतेय." रविवार, संध्याकाळी साडेचार. तिथं मी लाल रंग दोनदा दिला होता.

रविवारी गाडी दीड किलोमीटर अलीकडे लावावी लागली. कुठल्यातरी मोटारसायकलवाल्याला ह्यांनी गळ घातली आणि मामांना गेटापर्यंत पोचवलं. आम्ही दोघं घामाघूम होत मागून गेलो. बघते तर काय! रांगेच्या मधोमध मामा. लाल पटका, काठीचं घुंगरू, आणि भोवती माणसंच माणसं.

"आता तुमी फोटू काडताय न्हवं, तितं माजी वागर लागायची," मामा सांगत होते. वागर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हेही समजावत होते. "आन त्यो कारंज्याचा खडक दिसतोय का? त्याच्याव बसून म्या भाकर खायाचो."

"आजोबा, लांडगा यायचा का हो?" एका चिमुरडीनं विचारलं.

"येयाचा की! ह्या रेल्वीच्या टेशनातच येयाचा!"

लोक हसत होते, फोन वर करून मामांना टिपत होते. त्या रंगीत अक्षरांपुढची रांग मोडून इकडे आली होती. मामांचा चेहरा? चौदा वर्षांत मी तो तसा कधी बघितला नव्हता. माझा ऊर असा भरून आला, की गर्दीत कुणीतरी पायावर पाय दिला तेही मला कळलं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. तोच वॉचमन! "ओ म्हातारबा, बाजूला व्हा, समदी वाट आडली!" मग त्याची नजर माझ्यावर गेली. "बाई, गुरवारी आला तवा कुत्रं न्हवतं, आन आज तुमीच रस्ता बंद केलाय व्हय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि त्या मानांमधली एक मान ओळखीची! आमचे मुख्याध्यापक, सहकुटुंब.

"बाई? तुम्ही? रविवारी साडेचारला?" ते म्हणाले. "फळ्यावर तर तुम्ही दोनदा लाल..."

मी तोंड उघडायच्या आत मामांनी काठी उंच केली. घुंगरू खळखळलं.

"ही माजी सून," मामा म्हणाले. "साळंत मास्तरीन हाय. गुरवारी आलो तवा हिनं येक मानूस हितं येऊ दिला न्हाई. म्या म्हनलं, पोरी, मला मानसं बगायची हायेत. तर चार दिसात बगा, समदं पुनं गोळा केलं माज्यासाटी!"

टाळ्या पडल्या हो! खऱ्याखुऱ्या टाळ्या! मुख्याध्यापकांनीसुद्धा वाजवल्या. आता काय मामांना खोटं पाडू? मी हात जोडून नमस्कार केला, पुढाऱ्यासारखा. कारंजं उडत होतं, रेल्वे भरून चालली होती, आणि भजी संपल्याचं मावशी ओरडून सांगत होत्या.

तक्ता सोमवारी फळ्यावरून काढायला गेले, तर मुख्याध्यापकांनी काढू दिला नाही. त्यांनी फक्त वरच्या 'टाळावी'वर काट मारून 'जमवावी' लिहिलं होतं. पालकसभेला पालक येत नाहीत ना आमच्याकडे, आता ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

आणि परवा शाळेत पाहुणे आले होते. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या गर्दीवाल्या बाई."

मी जरा ताठ उभी राहिले.